रत्नागिरीकडचा बोटीवरच्यांचा रिफ्रेशर कोर्स: पाण्यातला भाग पहिल्या प्रतीचा, आगीचा अर्धवट

व्यापारी बोटीवर नोकरी करणाऱ्याला दर पाच वर्षांनी जे दोन रिफ्रेशर कोर्स करावेच लागतात, ते मी या खेपेस मुंबईला न जाता रत्नागिरी जिल्ह्यातल्याच एका खासगी प्रशिक्षण संस्थेत केले. इंजिनात बरीच वर्षे काढलेल्या माणसाच्या नजरेतून त्या संस्थेविषयीचा हा अभिप्राय आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही. माझ्या एका बॅचवरून कोणाच्या नावाला बट्टा लावणे मला योग्य वाटत नाही आणि ज्यांना जायचे आहे त्यांना ती संस्था कोणती हे किनाऱ्यावरच्या कोणत्याही गावात विचारले तरी कळेल. निर्वाळा आधीच देऊन ठेवतो: जीव वाचवण्याच्या तंत्राचा, म्हणजे पीएसटीचा, कोर्स येथे जरूर करावा, आगीचा, म्हणजे एफपीएफएफचा, कोर्स करण्यापूर्वी चार प्रश्न विचारून मगच पैसे भरावेत.

हे कोर्स मुळात का लावले आहेत, हे आपल्यातल्या पुष्कळांना नीट ठाऊक नसते. नलीवर, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीवर (सीडीसी), पुढचा शिक्का पडायचा असेल तर कागद लागतो, एवढेच आपण धरून चालतो. एसटीसीडब्ल्यू हा बोटीवरच्यांच्या प्रशिक्षणाचा आणि प्रमाणपत्रांचा १९७८ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. मनिला येथे २०१० मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या, त्या १ जानेवारी २०१२ पासून लागू झाल्या आणि जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत येण्यासाठी दिलेली मुदत १ जानेवारी २०१७ रोजी संपली. तोपर्यंत मूलभूत सुरक्षेचे कोर्स एकदा केले की जन्मभराचे काम झाले, अशी समजूत होती. मनिलानंतर चार मूलभूत कोर्सपैकी दोन, म्हणजे पाण्यात जीव वाचवण्याचा आणि आग विझवण्याचा, यांतले कौशल्य आपण टिकवून ठेवले आहे याचा पुरावा दर पाच वर्षांनी देणे बंधनकारक झाले. प्रथमोपचार आणि वैयक्तिक सुरक्षितता व सामाजिक जबाबदाऱ्या हे उरलेले दोन कोर्स या पाच वर्षांच्या फेऱ्यात येत नाहीत. अधिकाऱ्यांच्या सीओसीचे, म्हणजे पात्रतेच्या प्रमाणपत्राचे, नूतनीकरण हा आणखी वेगळा विषय आहे. तेथे मागच्या पाच वर्षांत किमान बारा महिन्यांची, किंवा लगतच्या सहा महिन्यांत तीन महिन्यांची समुद्रसेवा असा हिशोब चालतो. बोटीवर वर्षे काढली म्हणजे इंजिन चालवण्याचे कसब टिकते, हे तेथे गृहीत धरलेले आहे.

पाणी आणि आग यांच्या बाबतीत मात्र कराराने तसे सरसकट गृहीत धरलेले नाही आणि या नियमातला सर्वांत शहाणपणाचा भाग मला हाच वाटतो. काही गोष्टी बोटीवरच्या सरावाने टिकतात असे तो मान्य करतो: लाइफजॅकेट घालणे, बोटीवरून जीवरक्षक नौकेत चढणे, नौकेत शिरल्यावरची पहिली कामे करणे, संकटाचा ठावठिकाणा कळवणारी उपकरणे चालवणे. काही गोष्टी मात्र बोटीवर करून पाहता येत नाहीत, म्हणून त्या किनाऱ्यावर येऊन करून दाखवायच्या असतात. इमर्शन सूट (थंड पाण्यात जीव वाचवणारा अंगभर पोशाख) चढवणे, उंचावरून पाण्यात उडी घेणे, उलटी पडलेली लाइफराफ्ट (हवेने फुगणारा तराफा) सरळ करणे, लाइफजॅकेटशिवाय तरंगत राहणे या त्या गोष्टी. आगीचेही तसेच आहे. तेलाची मोठी आग, धुराने भरलेली बंद खोली, फोमने भरलेला कप्पा यांचा सराव चालत्या टँकरवर कोण करू देईल?

आपली ड्रिल आपल्याला माहीत आहेत. सोलास या समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे प्रत्येक खलाशाला महिन्यातून एकदा बोट सोडण्याच्या आणि आगीच्या ड्रिलमध्ये भाग घ्यावा लागतो आणि तो घेतलाही जातो. घंटा होते, मस्टर स्टेशनवर, म्हणजे जमण्याच्या ठरलेल्या जागी, मोजणी होते, होज पसरून पाणी समुद्रात उडवले जाते, थर्ड मेट फोटो काढतो आणि सगळे पुन्हा कामाला लागतात. मी ड्रिलना नावे ठेवत नाही. हजेरी आणि जागा पक्की होणे हेसुद्धा लहान काम नव्हे. परंतु ड्रिलमध्ये कोणी भिजत नाही आणि कोणाचा श्वास कोंडत नाही. म्हणून रिफ्रेशरची किंमत एकाच गोष्टीवरून करावी, असे माझे मत आहे: जे बोटीवर टिकत नाही, तेवढे त्याने माझ्याकडून पुन्हा करवून घेतले का?

जाण्यायेण्याची सोय मुंबईपेक्षा कितीतरी बरी. दापोलीकडून येणाऱ्याला दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या दोन फेरीबोटी पकडल्या की महामार्गाच्या वाटेला जावेच लागत नाही. फी मुंबईच्या आसपासच आहे, पण लॉजचे भाडे आणि लोकलचे धक्के वाचतात. वसतिगृह साधे, चादरी स्वच्छ, डास भरपूर. जेवणात भात आणि कुळथाची पिठी होती, त्याविषयी कोणाची तक्रार ऐकली नाही. हजेरी बोटाचा ठसा घेऊन सकाळी आणि दुपारी लागत होती, आणि उशिरा आलेल्या एकाला कोणाचीही ओळख न चालवता पुढच्या बॅचला यायला सांगण्यात आले. हे मला आवडले.

वर्गातला भाग निराशाजनक होता. बॅचमध्ये वीसेक जण होतो. त्यात दोन सुखाणी (सुकाणू धरणारे), एक बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम), एक वयस्क भंडारी (स्वयंपाकी), काही मोटरमन (इंजिन रूममधले कामगार), चार-पाच अधिकारी. सगळ्यांच्या मिळून समुद्रावरच्या वर्षांची बेरीज केली तर शिकवणाऱ्याच्या वयाच्या कितीतरी पट भरली असती. अशा लोकांना आगीचा त्रिकोण म्हणजे काय आणि मस्टर लिस्ट (संकटात कोणी कोठे जमून काय करायचे याची यादी) कोठे लावलेली असते, हे पहिल्या कोर्सच्याच स्लाइड दाखवून सांगण्यात अर्धा दिवस गेला. २०२५ च्या मे आणि जूनमध्ये आपल्याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, केरळसमोर, एमएससी एल्सा ३ ही कंटेनर बोट कलंडून बुडाली आणि तिच्यावरचे चोवीसही जण वाचले. त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी वान हाय ५०३ या बोटीवर स्फोट होऊन आग लागली आणि बावीसपैकी चार जण बेपत्ता झाले. एका प्रसंगात सगळे वाचतात आणि दुसऱ्यात चौघे सापडत नाहीत, यावर समुद्रावरच्या माणसांत तासभर चर्चा सहज झाली असती. कंटेनरमधल्या मालाची आग, जाहीर न केलेला धोकादायक माल, मोटारवाहू बोटींवरच्या बॅटऱ्यांच्या आगी, यांपैकी एकही विषय स्लाइडवर नव्हता. १ जानेवारी २०२६ पासून मूलभूत प्रशिक्षणात छळ, दादागिरी आणि लैंगिक छळ यांना प्रतिबंध करण्याचा भाग जोडला गेला आहे. तो रिफ्रेशरच्या कक्षेत येत नाही हे मान्य, पण मेसरूममध्ये सर्वांत जास्त ज्याची चर्चा होते त्या बदलाचा उल्लेख तरी करायला हरकत नव्हती.

याउलट एक मोटरमन दुपारच्या चहाला प्युरिफायर रूममधल्या, म्हणजे तेल शुद्ध करण्याच्या खोलीतल्या, आगीची हकीकत सांगू लागला, तेव्हा सगळे कप हातात धरून त्याच्याभोवती जमले. तेलाची नळी फुटून गरम भागावर फवारा उडाला, पहिल्या माणसाने पंप बंद करण्याऐवजी एक्स्टिंग्विशर शोधण्यात वेळ घालवला आणि तेवढ्यात धूर वरच्या प्लॅटफॉर्मपर्यंत पोहोचला. त्यावरून आग गुदमरवण्यासाठी सीओटू वायू सोडण्याचा विषय निघाला; आत राहिलेला माणूसही त्यात गुदमरतो. इंजिन रूममध्ये ठरलेल्या वायूपैकी ८५ टक्के दोन मिनिटांच्या आत भरला जावा, अशी ती यंत्रणा असते. म्हणजे मोजणीत एक माणूस कमी असताना मास्टर किंवा चीफ इंजिनीअर जो निर्णय घेतो तो मागे घेता येत नाही. मोजणी कोण करतो, कंत्राटी फिटर त्यात धरला जातो का, झोपलेल्या ऑयलरला (इंजिनातल्या तेलपाणी बघणाऱ्याला) कोण उठवतो, अशा प्रश्नांवर चहाच्या त्या वीस मिनिटांत जे बोलणे झाले ते वर्गात व्हायला हवे होते. रिफ्रेशरला येणारा माणूस नवशिका नसतो आणि त्याच्याजवळचा अनुभव हेच तेथले सर्वांत चांगले अभ्याससाहित्य असते, हे या संस्थेच्या वर्गात कोणाच्या ध्यानात आलेले दिसले नाही.

तलावावर मात्र सगळे चित्रच बदलले. तेथले प्रशिक्षक नौदलातून निवृत्त झालेले मालवणकडचे गृहस्थ आहेत. आवाज खडा, बोलणे मोजके, आणि प्रत्येकाकडून प्रत्येक गोष्ट करवून घेतल्याशिवाय पुढे न जाण्याचा खाक्या. सुरुवात इमर्शन सूटने झाली. हा सूट कोणाच्याही मदतीशिवाय दोन मिनिटांच्या आत पिशवीतून काढून अंगावर चढवता आला पाहिजे, असे जीवरक्षक साधनांची आंतरराष्ट्रीय संहिता सांगते. जूनच्या उकाड्यात, घामेजल्या अंगाने तो चढवताना ही दोन मिनिटे किती तोकडी असतात ते कळते. प्रशिक्षकांनी सूट जमिनीवर पसरून त्यावर बसायला लावले, आधी दोन्ही पाय, मग ज्या हाताने कमी काम करतो तो हात, त्यानंतर टोपी, शेवटी मुख्य हात आणि चेन, असा क्रम ठरवून दिला. बूट अडकत असेल तर पायावर प्लास्टिकची पिशवी घालावी म्हणजे पाय सरकन आत जातो, ही युक्तीही सांगितली. पहिल्या प्रयत्नात आमच्यापैकी निम्म्या लोकांची चेन छातीशीच अडकली. पुन्हा काढा, पुन्हा घाला. ज्याला जमले त्याने ज्याला जमले नाही त्याच्याकडे बघत उभे राहायचे, पण हात लावायचा नाही.

उडीच्या फळीवर भंडारी अडला. दापोली तालुक्यातला, साठीकडे झुकलेला माणूस; आयुष्य बोटीवर गेले, पण पोहता येत नाही. मागून कोणी तरी हसले, तेव्हा प्रशिक्षकांनी त्या हसणाऱ्याला रांगेच्या शेवटी पाठवले आणि स्वतः वर चढून भंडाऱ्याशेजारी उभे राहिले. “चाचा, खाली बघू नका. नाक धरा, दुसऱ्या हाताने जॅकेट खाली दाबून ठेवा, समोरच्या माडाकडे बघा आणि नुसतं एक पाऊल पुढे टाका. उडी मारायची नाही.” चाचांनी पाऊल टाकले. वर आले ते तोंडातले पाणी थुंकत आणि हसत. जॅकेट हाताने दाबून धरले नाही तर पाण्यावर आपटताच ते वर उसळते आणि हनुवटीला, मानेला मार बसतो. हे वाक्य स्लाइडवर मी अनेकदा वाचले होते, पण माझ्या हाताने ते लक्षात ठेवलेले नव्हते.

सर्वांत जास्त वेळ उलट्या लाइफराफ्टवर दिला गेला आणि तो योग्यच होता. पावसाची सर चालू होती, वारा नैऋत्येचा, त्यामुळे तलावातही राफ्ट एका जागी ठरत नव्हती. आधी गॅसच्या सिलिंडरची बाजू वाऱ्याच्या खालच्या अंगाला फिरवून घ्यायची, मग सिलिंडरवर पाय रोवून तळाचा पट्टा दोन्ही हातांनी धरायचा आणि अंगाचा सगळा भार मागे टाकायचा. वारा उचललेल्या कडेखाली शिरला की राफ्ट आपसूक वळते, आणि वळताना अंगावर येऊन पडते. घाबरण्याचा क्षण हाच. वर रबराचा तळ, खाली पाणी आणि मध्ये आपण. तळ मऊ असतो, तो डोक्याने व हाताने वर दाबला की श्वासापुरती पोकळी होते; पाठीवर, तोंड वर ठेवून, पट्टा धरूनच बाहेर सरकायचे आणि खाली बुडी मारायची नाही, कारण जॅकेट खाली जाऊ देत नाही आणि त्या धडपडीत दम जातो. हे प्रत्येकाला करावे लागले, चाचांनासुद्धा. माझ्या हातातून पट्टा एकदा निसटला, तेव्हा पुन्हा करायला लावले. राफ्टमध्ये चढल्यावर थरथरत बसलेल्या आम्हा सर्वांना प्रशिक्षकांनी १७ जुलै १९४७ च्या ‘रामदास’ बोटीची आठवण करून दिली. मुंबईहून रेवसकडे निघालेली ती बोट भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रायगड-रत्नागिरीत ही गोष्ट सांगावी लागत नाही. त्यांनीही ती एका वाक्यात सांगितली आणि पुढचा सराव सुरू केला.

आगीच्या मैदानावर सकाळ चांगली गेली. तेलाच्या ट्रेला खरी आग लावली, प्रत्येकाच्या हातात नोझल दिले आणि फोम थेट तेलात न मारता मागच्या पत्र्यावर मारून तो तेलावर अलगद पसरू द्यायचा, हे प्रत्येकाकडून करवून घेतले. बीए सेटची, म्हणजे धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर घ्यायच्या हवेच्या संचाची, तपासणीही शिस्तीने झाली: सिलिंडरचा दाब, मुखवट्याची पकड, हवा कमी झाल्याची शिट्टी. दाढी ठेवलेल्या तिघांचा मुखवटा नीट बसत नव्हता आणि हवा गळत होती. पुढच्या बॅचला जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवून जावे, कारण बोटीवरच्या फायर पार्टीत, म्हणजे आग विझवणाऱ्या तुकडीत, नाव असेल तर हा प्रश्न तेथेही येणारच आहे.

त्यानंतर घसरण झाली. धुराच्या खोलीत धूर इतका विरळ होता की पलीकडची भिंत दिसत होती. भिंतीला हात लावत, पाय फरफटत, हाताची पालथी बाजू पुढे धरून चालायचे ते कशासाठी, हेच त्यात हरवले. ज्याला सगळे दिसते तो भिंत कशाला धरेल? सर्वांत खटकलेली गोष्ट फोमच्या कप्प्याची. हाय-एक्स्पान्शन, म्हणजे खूप फुगणाऱ्या, फोमने भरलेल्या कप्प्यात, बीए सेट न घालता, केवळ जीवनदोरी कमरेला बांधून शिरणे आणि पार जाणे हा किनाऱ्यावरच करून दाखवण्याचा भाग आहे. फोममध्ये आवाज दबतो, दिशा कळत नाही आणि माणूस दोन पावलांत भांबावतो. म्हणून तर तो सराव ठेवला आहे. आमच्या बॅचला फोमचे द्रावण संपले आहे, असे सांगून मोबाइलवरची चित्रफीत प्रोजेक्टरवर दाखवली. मी विचारले तेव्हा “सर, परीक्षेत येत नाही,” असे उत्तर मिळाले. प्रमाणपत्रावर मात्र संपूर्ण कोर्स पूर्ण केल्याची नोंद आहे. त्यावर सही घेताना मी कार्यालयात ही गोष्ट लेखी दिली; कारकुनाने कागद सौजन्याने घेतला, पोच मात्र मागून घ्यावी लागली.

न येता कागद मिळवून देणारे एजंट किनाऱ्यावर आहेत, हे कोणी नाकारत नाही. त्यांच्याशी तुलना करता ही संस्था प्रामाणिक आहे आणि तसे लिहिणे माझे कर्तव्य आहे. परंतु हजेरी खरी आणि सराव अर्धा, ही अवस्था मला जास्त घातक वाटते, कारण एजंटाचा कागद घेतलेल्या माणसाला निदान ठाऊक असते की त्याला काही येत नाही.

एक सूचना संस्थेसाठी. एसटीसीडब्ल्यू मासेमारीच्या बोटींना लागू नाही, त्यामुळे हर्णै, जयगड किंवा मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवरचा खलाशी या तलावाच्या जवळही कधी येत नाही. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा तो किनाऱ्यावर मोकळा असतो आणि बॅच नसलेल्या दिवशी तलावही मोकळाच असतो. एखाद्या मच्छीमार सोसायटीशी बोलून माफक फीत लाइफजॅकेट आणि राफ्ट एवढेच शिकवले, तरी ते नौदलवाले गृहस्थ आनंदाने शिकवतील असे मला वाटते.

जाणाऱ्यांसाठी: पीएसटी रिफ्रेशरला निर्धास्त जा, सोबत जास्तीचे कोरडे कपडे न्या आणि आदल्या रात्री पोटभर झोपा. आगीच्या कोर्सची फी भरण्यापूर्वी दूरध्वनी करून विचारा की त्या बॅचला फोमचे द्रावण आहे का, धुराचे यंत्र चालू आहे का, मैदानावर प्रशिक्षक कोण आहेत आणि पावसामुळे तेलाचा ट्रे रद्द होणार नाही ना. उत्तर गुळमुळीत आले, तर बोटीवर जॉइनिंगला वेळ असल्यास पुढची बॅच धरा. वेळ नसल्यास तो एक कोर्स मुंबईला करा.